बसलेल्यांचा खेळ

सोयाबीन घरात येऊन पडलं, मळणीनंतरच्या कुटाराचे ढीग वाळले, कापसाची बोंडं फुटायला लागली आणि सकाळी शाळेत जाताना अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की सेलूतल्या आमच्या शाळेच्या मैदानावर फक्की पडते. आधी दोन खांब उभे राहतात. मग त्यांच्यामधली लांब पाटी, तिला छेदणाऱ्या आडव्या पाट्या, आणि छेदल्या जागी बसायचे चौक. पांढऱ्या फक्कीची ती शिडी जमिनीवर आडवी पडलेली दिसली की माझं वर्गातलं लक्ष उडतं. मी भूगोल शिकवते. फळ्यावर मान्सूनचे बाण काढत असते आणि खिडकीतून आवाज येतो, "खो!" बाण तिथंच वाकडा होतो.

यंदाही तो आवाज आला, आणि मला दोन वर्षांपूर्वीचा असाच मोसम आठवला. माझी मुलगी मृणाल तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्टसाठी घरी आली होती आणि दिवसभर लॅपटॉपसमोर बसायची. मी शाळेतून आले की तिच्या खांद्यावरून डोकावायची. पडद्यावर हिरवी जमीन, निळं आभाळ आणि मध्ये हात पसरून उभा असलेला एक राखाडी माणूस. नाक नाही, डोळे नाहीत.

"खेळून राह्यली का?" मी विचारलं.

"खेळत नाही गं, बनवते आहे." तिनं खुर्ची सरकवून मला जागा दिली. "हे असं जग बनवायचं ठिकाण आहे. जमीन तयार मिळते, आभाळ तयार मिळतं, वरून सोडलं की खाली पडणंसुद्धा तयार मिळतं. आपण त्यात आपलं काय ते मांडायचं आणि दार उघडून द्यायचं. मग कुठूनही लोक येतात, एकमेकांना दिसतात, सोबत खेळतात."

"पडणंसुद्धा तयार मिळतं?"

"हो. नको असेल तर कमी करता येतं." तिनं कुठंसा एक आकडा बदलला आणि तो बिननाकाचा माणूस उडी मारून वर गेला तो गेलाच. कापसाच्या पुंजक्यासारखा सावकाश खाली आला. इतकी वर्षं मी पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवत आले, पण ते असं कुणी चिमटीत धरून कमीजास्त केलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी तिला पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. चहा निवला.

तिला अनेकांनी मिळून खेळायचा एक खेळ बनवायचा होता. बंदुका नकोत, मोटारी नकोत, सगळे तेच करतात, असं म्हणत होती. मी सहज म्हटलं, "मग खो-खो कर." शाळेत असताना मी खेळायची. आर्वीच्या शाळेत, शीला नावाच्या मैत्रिणीच्या शेजारच्या चौकात बसून. मृणालला ते पटलं. दिवाळीचा फराळ संपायच्या आत तिनं मैदान उभं केलं: खांब, पाट्या, बाजूला कडुनिंब. खेळाडू पळायला लागले. आणि तिथंच घोडं अडलं.

कुणी बसेना.

कॉलेजमधली तिची मित्रमंडळी आपापल्या घरून खेळायला यायची. पळणारे तिघं खुशीत पळायचे, पाठलाग करणाराही खुशीत असायचा. पण खो-खो म्हणजे आठ जण बसलेले आणि एकच जण पाठलाग करणारा. बसलेल्यांना खो मिळेपर्यंत हलायचं नाही. थोड्याच वेळात एकेक चौक रिकामा व्हायला लागायचा. लोक चक्क निघून जायचे.

"आई, बसणं बोअर आहे," मृणाल वैतागून म्हणाली. "तुम्ही कशा बसत होत्या?"

 कशा म्हणजे काय, बसत होतो! खेळात सगळ्यात जास्त वेळ मी बसण्यातच घालवला असणार, पण आठवायला गेलं की फक्त पळणं आठवत होतं. खांबाला हात घालून घेतलेलं वळण, मारलेला सूर, सोललेली ढोपरं. बसणं म्हणून काही आठवणीत शिल्लकच नव्हतं. मला त्याचंच नवल वाटायला लागलं. एवढा वेळ गेला कुठं?

"शीलाला विचारू," मी म्हणाले.

हे म्हणायला सोपं होतं. शीला एसटीत कंडक्टर होती. आर्वी डेपोची. भरलेल्या गाडीत मागून पुढे अशी सरकायची की कुणाच्या पिशवीला धक्का लागायचा नाही. पण घरात ओल्या फरशीवर पाय घसरून ती पडली, खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली आणि ती वॉकरवर आली. नोकरी सोडली. मग हळूहळू माणसंही सोडली. फोन केला की तिचा नवरा, प्रकाशभाऊजी, उचलायचे आणि म्हणायचे, "ताई, ती झोपली हाय." सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली, संध्याकाळीही. डॉक्टर म्हणाले होते, रोज चालत राहा. ती घराच्या उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. गेले तर भेटायची, चहा द्यायची, पण नजर दाराकडे. आता उठा, असं सांगणारी.

आम्ही वर्ध्याहून बस बदलून आर्वीला गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी पांढरी झाली होती, बाया कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. मृणाल खिडकीतून मोबाइलवर त्यांचं चित्रण करत होती. मला मात्र, जाऊन काय बोलायचं, याची धाकधूक होती.

शीला खुर्चीत बसली होती. पाय स्टुलावर. मी सगळं सांगितलं, मृणालनं मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि परत दिला.

"माह्याकडं काऊन आनलं हे? मी का आता खेळनार हाय?"

"खेळायचं नाही मावशी," मृणाल म्हणाली. "फक्त सांगा. बसलेल्या लोकांनी काय करायचं? माझ्या खेळात बसलेले कंटाळून पळून जातात."

"पळून जाते?" शीलाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "आन इकडं, पाह्यू बरं."

तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला. मग हसायलाच लागली. "मंदे, हे पाह्य वं! हे पोट्टे पूजेले बसल्यासारखे बसले हायेत. मांडी घालून!"

खरंच की. त्या तयार जगात बसणं म्हणजे मांडी घालणं, एवढंच मिळत होतं. मृणालनं तेच घेतलं होतं आणि इतके दिवस पाहून माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"मग कसं बसायचं?" मृणालनं विचारलं.

 शीलानं हाताची बोटं टेबलावर उभी करून पाहिली, ती काही पायांसारखी बसेनात. शेवटी तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू बस."

मी पन्नाशीची, अंगावर प्रवासाची सुती साडी. पदर खोचला आणि तिच्या घराच्या मधल्या खोलीत उकिडवी बसले.

"टाचा उचल."

उचलल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली.

"एक पाय मांगं. हात समोर जमिनीले टेकव. आता मान..." ती थांबली. "मान कोठी होती वं आपली?"

मला काही सुचायच्या आत माझी मान आपोआप डावीकडे वळली होती. तिकडंच. मागून येणाऱ्या खोच्या बाजूला, पण पूर्ण नाही, कानाइतकी. मी ते ठरवून केलं नव्हतं. 

"कान!" शीला ओरडली. "आपन कानानं खेळत होतो, मंदे. अर्ध मैदान तर दिसतच नोव्हतं. मांगून पायाचा आवाज यायचा, त्याच्यावरनं समजायचं, आता माह्या मांगं आली, आता गेली. बसलेलीच तर खेळून राह्यली असते, पोरी. पळनारीले का, ते पळते फक्त." एवढ्यात माझा तोल गेला, मी धप्पकन बसले, आणि आतून प्रकाशभाऊजी धावत आले. त्यांना वाटलं शीला पडली. पाहतात तर ती खुर्चीत बसून डोळे पुसतेय, हसून हसून, आणि पडलेय मी.

सेलूला परतल्यावर मृणालनं सगळं मोडलं आणि नव्यानं सुरू केलं. बसलेल्या खेळाडूला आता अर्धंच मैदान दिसायचं. मान थोडी वळवता यायची, बस्स. उरलेल्या अर्ध्यासाठी कान. त्यासाठी पावलांचे खरे आवाज हवे होते. मी मुख्याध्यापकांना विचारलं, आणि शाळा सुटल्यावर आमच्या खो-खोच्या पोरी मैदानावर अनवाणी पळाल्या. मृणाल चौकात मोबाइल धरून बसली आणि तिच्या पाठीमागून, उजवीकडून, डावीकडून त्या धावत गेल्या. मुरमावरचा आवाज वेगळा, जिथं काळी माती वर आली आहे तिथला वेगळा. एका मुलीचं पैंजण वाजलं म्हणून ते काढून ठेवायला लावलं. "मॅडम, आमचा आवाज फोनमधी जाईन का?" पोरींना त्याचंच अप्रूप.

खो म्हणजे पाठीवर थाप. मृणालपुढं पुढचं कोडं ते होतं. त्या जगात कुणाचा हात कुणाच्या पाठीला लागत नाही. दोन आकृत्या एका ठरावीक अंतराच्या आत आल्या की स्पर्श झाला असं धरायचं, इतकंच. आणि तेही कोण ठरवणार? तिनं मला समजावलं, प्रत्येकाच्या पडद्यावर बाकीचे किंचित जुने दिसतात. वार्ता पोचायला वेळ लागतो ना. मी खांबापाशी पोचलेली असते आणि तुला मी अजून दोन पावलं मागंच दिसते. प्रत्येकाला वाटतं, आपण पाहतोय तेच खरं. म्हणून कुठंतरी लांब एक सर्व्हर बसलेला असतो, तो सांगतो काय झालं ते.

"म्हणजे पंच," मी म्हणाले.

"पंच. पण त्याच्याशी भांडता येत नाही."

तर स्पर्शासाठी तिनं असं केलं, की खो मिळाला की हातातला फोन थरथरायचा. पाठीवरची थाप तळहातात यायची. आणि शब्द? तो शीलाचा. मृणालनं फोनवरच तिच्याकडून वदवून घेतला. पहिल्यांदा शीला लाजली, दबक्या आवाजात म्हणाली. मृणाल म्हणाली, असा नाही मावशी, मैदानावरचा. पलीकडून इतक्या जोरात "खो!" आला की माझ्या हातातला पोह्यांचा झारा थांबला. मागं प्रकाशभाऊजींचा आवाज, "काय झालं वं?" आणि शीला: "काई नाई, तुमी जा दुकानात."

मग दार उघडलं. ज्याला यायचं त्याला येता येईल असं. पहिले काही दिवस ओळखीचेच आले. नंतर एका दुपारी मृणालनं हाक मारली, "आई, हे कोण बघ." एका चौकात घोड्याचं तोंड लावलेला कुणी बसला होता. पलीकडं झगमगीत पंखांची एक पोरगी. नावं कसल्या कसल्या लिपीत. त्यांना नियम ठाऊक नव्हते. कुणी खांबावर चढू पाहत होतं, कुणी पाटीवर नाचत होतं. घोडा उठून उलट्या दिशेनं पळाला. मृणाल हताश होऊन कपाळावर हात मारून घेत होती, आणि तेवढ्यात मैदानात "शीला आर्वी" नावाची बाई आली. साधी, निळ्या पंजाबी ड्रेसमधली. आवाज घेतला तेव्हाच मृणालनं खेळाची लिंक तिच्या फोनवर पाठवली होती.

तिनं काय केलं, तर काहीच नाही. जाऊन एका चौकात बसली. टाचा उचलून, मान कलती करून. खो मिळाला, उठली, एका दिशेनं पळाली, पुढच्याला खो दिला, त्याच्या जागी बसली. पुन्हा बसली. कुणाला एक शब्द बोलली नाही. बोलून समजलंही नसतं. पंखवालीनं थोडा वेळ पाहिलं आणि तीही बसली. मग घोडा. त्या दुपारी, कोणत्या कोणत्या देशांतली ती आठ पोरं, किंवा म्हातारे, कुणास ठाऊक, चौकात रांगेनं बसली होती आणि कान देऊन ऐकत होती. ऐकत होती ती आमच्या सेलूच्या पोरींची पावलं. मी वाटीत तूर निवडत होते, ती तशीच राहिली.

शीला रोज दुपारी जायला लागली. सुरुवातीला तिचा अंगठा चुकायचा, भलतीकडंच पळायची, चिडून फोन आपटायची. मग जमलं. आता फोन तीच उचलायची, आणि मी काही बोलायच्या आत सुरू व्हायची. एक जण यायचा, किंवा यायची. अंगभर पिवळा, कोंबडीच्या पिल्लासारखा. तिनं त्याचं नाव पिवळा ठेवलं.

"पिवळा मस्त बसते वं. अजिबात हालत नाई. कोन असन? आपली दुपार तं त्याची काय असन?"

मी भूगोलाची बाई. नकाशा काढून बसले. तिकडं सकाळ असेल तर हे देश, संध्याकाळ असेल तर ते. शीला फोनवरून मला प्रश्न घालायची: तिकडं थंडी असन का? तिथले लोक उकिडवे बसते का? तिनं कधी कुणाला काही विचारलेलं मला आठवत नाही. तिकीट कुठलं, एवढं सोडून. आणि एक दिवस ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "मंदे, आज पिवळ्यानं मले खो देल्ला. मी बसली होती, मांगून पाय आले, आन् माह्याच आवाजात मले खो भेटला. माह्या आंगावर काटा आला."

खरं तर एवढ्यावर सगळं गोड झालं असतं. पण शीलाला एक गोष्ट खटकत होती. पावलांचे आवाज बरोबर नाहीत, असं तिचं म्हणणं. काहीतरी कमी आहे. मृणालनं पुन्हा आवाज घेऊन पाहिले, मोठे केले, जड केले. नाही. मी म्हटलं, तुला इतक्या वर्षांनी काय आठवणार? ती ऐकेना. "आपन बसलो का पायाच्या आवाजासंगं अजून एक आवाज यायचा. धप् धप्. जमिनीतून. तुमच्या सेलूची जमीनच वेगळी असन."

"मग येऊन ऐक," मी बोलून गेले, आणि जीभ चावली.

पलीकडं वॉकर सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुह्या भाऊजीले इचारते."

ती आली तो दिवस संक्रांतीच्या आधीचा. प्रकाशभाऊजींनी दुकान बंद ठेवलं होतं. मैदानाच्या कडेला आम्ही खुर्ची मांडली, पण तिला कडेला बसायचं नव्हतं. मधल्या पाटीवर, दोन पोरींच्या मधला चौक रिकामा करून तिथं खुर्ची ठेवायला लावली. वॉकर मी धरला. ती बसली, पाठ ताठ, मान कलती, डोळे मिटले. पोरींना मी म्हटलं, मावशींना धक्का लावू नका, बाकी खेळा नेहमीसारखं.

पोरी पळायला लागल्या. तिच्यापुढून गेल्या, मागून गेल्या. धूळ उडाली. "खो!" एक. "खो!" दुसरा. शीला हलली नाही. मग एक पोरगी तिच्या पाठीमागून जोरात येत गेली, जवळ, अजून जवळ. मला शीलाचे हात दिसले. खुर्चीच्या दांडीवर आवळलेले. आणि पाहते तर तिच्या दोन्ही टाचा जमिनीवरून उचललेल्या होत्या. मोडलेल्या खुब्याच्या पायाचीसुद्धा.

पोरगी निघून गेली. शीलानं डोळे उघडले, इकडंतिकडं पाहिलं आणि छातीवर हात ठेवला.

"मंदे, भेटला वं तो आवाज."

"कुठं?"

"अठी." हात तसाच. "जमिनीतून नोव्हता येत. हे वाजत होतं."

मृणाल धावत आली. तिला लगेच तो आवाज खेळात हवा. कुणी मागून जवळ येईल तशी धडधड वाढत जाईल, काय भारी होईल मावशी, वगैरे. शीला मान हलवत राहिली.

"नको टाकू, पोरी. ज्याचं त्याले वाजू दे. आपन टाकलं तं त्यायले ऐकूच येनार नाई."

मृणालनं नाही टाकला. तिच्या सरांनी प्रोजेक्ट बघताना विचारलं म्हणे, ताण वाढवणारा आवाज का नाही यात? तिनं काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही. ती आता पुण्यात नोकरी करते. तिचा खेळ काही फार गाजला नाही. कधी मैदानात दहा जण असतात, कधी दोघं. शीलाचा खुबा होता तसाच आहे, थंडीत ठणकतो. पिवळा मध्येच यायचा बंद झाला. का, ते कळायला मार्ग नाही. शीला अजून त्याच्याबद्दल बोलते. मोठा झाला असन, म्हणते. कधी म्हणते, म्हतारा असन तं?

पण त्या संक्रांतीच्या आधीच्या दिवशी खेळ संपल्यावर भाऊजी ऑटो आणायला निघाले. बसस्टँड तसं जवळ नाही आणि पाच वाजताची आर्वीकडची गाडी धरायची होती. शीला वॉकर धरून उभी राहिली. तिनं शाळेच्या फाटकातून दिसणाऱ्या रस्त्याकडं पाहिलं. कापसाच्या गाड्या जात होत्या, मागं पांढरे पुंजके सांडत होते.

"अवो, ऑटो नका आनू," ती म्हणाली.

"मंग?"

"चालत जाऊ."

भाऊजी माझ्याकडं पाहायला लागले.  "शीला, गाडी निघून जाईल गं," मी म्हटलं.

"जाऊ दे ना. दुसरी राह्यते." तिनं वॉकर उचलून पुढं टेकवला. "पाह्यू तं खरं, किती वेळ लागते."

आणि आम्ही निघालो. भाऊजी पुढं, मी तिच्या अंगाला, मृणाल मागं. वाटेत पाच वाजताची गाडी आमच्या बाजूनं धूळ उडवत निघून गेली. ड्रायव्हरनं शीलाला ओळखलं, हॉर्न वाजवला. तिनं हात केला नाही. हात रिकामा नव्हता. ती खाली पाहत होती, आपली पावलं कशी पडतात ते.